वडिलांचा गणवेश आणि मुलाची चित्रे : आन्सेल्म कीफर यांच्या आरंभीच्या कलेतील राष्ट्र, लोककथा आणि पौरुष (१९६९-१९८३)

प्रस्तावना

राष्ट्राचा इतिहास लिहिताना घटना, युद्धे, तह आणि चळवळी यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. परंतु राष्ट्र ही केवळ राजकीय व्यवस्था नसते. ती एक सांगितली जाणारी कथाही असते. या कथेला बहुधा एक वीर लागतो, त्या वीराला एक शस्त्र लागते आणि ते शस्त्र पित्याकडून पुत्राकडे जावे अशी अपेक्षा असते. लोककथा, लोकगीते व पुराणकथा यांतून घडलेली ही वीरप्रतिमा राष्ट्रीय अस्मितेचा आधार कशी बनते आणि त्या अस्मितेच्या नावाने महाविनाश घडून गेल्यानंतर पुढच्या पिढीने त्या कथेचे काय करावे, हा विसाव्या शतकाच्या इतिहासातील एक कठीण प्रश्न आहे.

जर्मन चित्रकार आन्सेल्म कीफर (जन्म ८ मार्च १९४५) यांच्या १९६९ ते १९८३ या काळातील कलाकृती हा या प्रश्नाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा पुरावा होय. कीफर यांनी जर्मन वीरकथा नाकारल्या नाहीत किंवा त्यांचा गौरवही केला नाही. त्या कथांमध्ये त्यांनी स्वतःला उभे केले. प्रस्तुत निबंधात त्यांच्या या काळातील निवडक कलाकृतींचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. मौनाने कोणतेही मिथक संपत नाही. ते कोणी, केव्हा व कशासाठी वापरले याचा हिशेब मांडल्यावरच त्याची पकड सैल होते, हे कीफर यांच्या चित्रांतून कसे दिसते व त्या हिशेबात काय सुटते, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

लोककथेपासून राष्ट्रकथेपर्यंत

जर्मनीचे राजकीय एकीकरण १८७१ साली झाले. त्यापूर्वी जर्मन भाषिक प्रदेश अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. राज्य एक नसताना 'राष्ट्र' एक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी भाषा आणि लोकपरंपरा यांच्यावर आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेर्डर यांनी लोकगीतांमध्ये जनसमूहाचा आत्मा शोधावा असा विचार मांडला. १८०५ ते १८०८ या काळात आर्निम व ब्रेंटानो यांनी जर्मन लोकगीतांचा प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला. ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ साली प्रकाशित झाला. हा काळ नेपोलियनच्या वर्चस्वाचा होता. लोककथांचे संकलन ही त्यामुळे केवळ विद्वत्तेची बाब राहिली नाही. परक्या सत्तेखाली स्वत्व जपण्याचा तो एक मार्ग ठरला. या उपक्रमात मुळात आक्रमकतेपेक्षा जतनाची भावना अधिक होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

याच काळात दोन जुन्या कथांना नवे महत्त्व प्राप्त झाले. पहिली, मध्ययुगीन 'निबेलुंगेनलीड' या महाकाव्याची. त्याचे हस्तलिखित १७५५ साली पुन्हा उजेडात आले आणि एकोणिसाव्या शतकात त्याला राष्ट्रीय महाकाव्याचा मान मिळाला. या कथेशी संबंधित सामग्री व उत्तरेकडील पुराणकथा यांच्या आधारे रिशार्ड वाग्नर यांनी रचलेली चार भागांची संगीतनाट्यमालिका १८७६ साली बायरॉइट येथे प्रथम संपूर्णपणे सादर झाली. दुसरी कथा आर्मिनिअसची. इ. स. ९ मध्ये केरुस्की टोळीच्या या सरदाराने ट्यूटोबुर्गच्या अरण्यात रोमन सेनापती व्हारुस याच्या तीन लीजनांचा संहार केला. आर्मिनिअस स्वतः रोमन सैन्यात राहिलेला, रोमन नागरिकत्व लाभलेला होता. त्याची पत्नी थुस्नेल्डा रोमनांच्या हाती लागली आणि रोममधील विजययात्रेत तिला मिरवण्यात आले. आर्मिनिअसचा शेवट त्याच्याच आप्तांच्या हातून झाला. इतकी गुंतागुंतीची ही हकीकत; परंतु सोळाव्या शतकात आर्मिनिअसचा 'हेरमान' झाला आणि एकोणिसाव्या शतकात तो राष्ट्रवीर ठरला. क्लॉपस्टॉक, क्लाइस्ट व ग्राबे यांनी त्याच्यावर नाटके लिहिली. १८३८ साली डेटमोल्डजवळ त्याच्या स्मारकाचे काम सुरू झाले आणि ते १८७५ साली, म्हणजे फ्रान्सवरील विजयानंतर, पूर्ण झाले. सुमारे ५३ मीटर उंचीच्या या स्मारकावरील हेरमानच्या उंचावलेल्या हातात ७ मीटर लांबीची तलवार आहे. रोमला रोखणारा हा वीर पश्चिमेकडे तोंड करून उभा केलेला आहे, ही बाब बोलकी आहे.

राष्ट्र आणि पुरुषत्व यांचा हा संयोग जॉर्ज मॉसे यांनी आपल्या लेखनात तपशिलाने उलगडला आहे. निर्धारी, संयमी, मृत्यूला न भिणारा पुरुषदेह हेच राष्ट्राचे रूप मानले गेले आणि या साच्यात न बसणारे ते राष्ट्राबाहेरचे ठरले. नाझी राजवटीने हा साचा टोकाला नेला. ३० जानेवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राड येथे जर्मन सैन्य शेवटच्या घटका मोजत असताना, गेरिंग याने आपल्या भाषणात त्या सैनिकांची तुलना एट्झेलच्या जळत्या सभागृहात अखेरपर्यंत लढणाऱ्या निबेलुंगांशी केली. ज्या सैनिकांना अन्न, कपडे आणि माघारीची परवानगी हवी होती त्यांना एक महाकाव्य देण्यात आले. लोककथेचा राजकीय उपयोग किती निर्दय असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मौनाची दोन दशके

१९४५ नंतर पश्चिम जर्मनीत या साऱ्या सामग्रीवर एक प्रकारचा पडदा पडला. नाझी चिन्हे व सलामी यांच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी आली. कलेच्या क्षेत्रात अमूर्त चित्रकलेला प्रतिष्ठा मिळाली; तिच्यात वीर नव्हता, अरण्य नव्हते आणि जर्मनीही नव्हती. अर्थव्यवस्थेची पुनर्बांधणी वेगाने झाली, परंतु घराघरांतील पिते युद्धात काय करत होते याविषयी सहसा बोलले जात नसे. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफुर्ट येथे चाललेल्या आउश्वित्झ खटल्यांनी हे मौन प्रथम मोठ्या प्रमाणावर भंगले. १९६७ साली अलेक्झांडर व मार्गारेटे मिचरलिश या मनोविश्लेषकांनी आपल्या ग्रंथात, जर्मन समाज शोक करण्यास असमर्थ ठरला आहे, असे निदान केले. ज्या नेत्यावर समाजाने जीव ओवाळून टाकला होता, त्याच्या अंताचा आणि त्याच्या बळींचा शोक न करताच समाज कामाला लागला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

कीफर हे याच काळातील तरुण. डोनाउएशिंगेन येथे, युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत त्यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळण्यात गेले. वडील कलाशिक्षक होते आणि युद्धकाळात जर्मन सैन्यात अधिकारी होते. फ्रायबुर्ग येथे कायदा व भाषा यांचे शिक्षण अर्धवट सोडून कीफर चित्रकलेकडे वळले आणि १९६९ साली कार्ल्सरूहे येथील कला अकादमीत दाखल झाले. रस्त्यांवर विद्यार्थ्यांची आंदोलने होऊन गेली होती. ती पिढी पित्यांना जाब विचारत होती. कीफर यांनी जाब विचारण्याऐवजी वडिलांचा गणवेश अंगावर चढवला.

गणवेशातील मुलगा

१९६९ च्या उन्हाळ्यात व शरद ऋतूत कीफर यांनी स्वित्झर्लंड, फ्रान्स व इटली येथे प्रवास केला आणि ठिकठिकाणी नाझी सलामी देत स्वतःची छायाचित्रे काढून घेतली. 'बेझेत्सुंगेन' या नावाने ही मालिका ओळखली जाते. या जर्मन शब्दाचे अर्थ तीन : लष्कराने केलेला ताबा, नाटकातील भूमिकांचे वाटप, आणि फ्रॉइड यांच्या परिभाषेत एखाद्या वस्तूत वा व्यक्तीत झालेली मानसिक ऊर्जेची गुंतवणूक. कीफर यांच्या कृतीत हे तिन्ही अर्थ एकाच वेळी उपस्थित आहेत. यांपैकी ज्या देशांत जर्मन सैन्य गेले होते तेथेही मुलगा पुन्हा जातो. तो पित्याची भूमिका वठवतो. आणि त्या भूमिकेत आपले स्वतःचे काय गुंतले आहे याची चाचपणी करतो.

ही छायाचित्रे पाहिली असता प्रथम जाणवते ते त्यांतील एकाकीपण. नाझी सलामी ही समूहाची क्रिया होती. हजारो उंचावलेल्या हातांशिवाय तिला अर्थ नव्हता. येथे प्राचीन अवशेषांसमोर किंवा समुद्रकिनाऱ्यावर एकच कृश तरुण हात वर करून उभा आहे. समोर कोणीही नाही. आदेश देणारा नेता नाही आणि प्रतिसाद देणारी गर्दीही नाही. एका छायाचित्रात तो समुद्राकडे तोंड करून, प्रेक्षकाकडे पाठ फिरवून उभा आहे. ही रचना कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांच्या सुमारे १८१८ सालच्या, धुक्याच्या सागराकडे पाहणाऱ्या प्रवाशाच्या चित्राची स्पष्ट आठवण करून देते. निसर्गासमोर एकटा उभा राहणारा स्वच्छंदतावादी पुरुष आणि सलामी देणारा सैनिक यांना एकाच देहात आणून कीफर यांनी एक अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला आहे : या दोघांमधील अंतर नेमके किती?

त्याच वर्षी तयार केलेल्या हस्तनिर्मित ग्रंथांपैकी एक फ्रेंच लेखक ज्याँ जने यांना उद्देशून आहे. त्यात कीफर स्त्रियांच्या पोशाखासारखा झगा घालूनही सलामी देताना दिसतात. पौरुषाचे सर्वांत कडक चिन्ह आणि पौरुषाच्या साच्याबाहेरचा वेष एकत्र आल्याने त्या चिन्हाचा रुबाब ढासळतो. वीराचे पौरुष हे निसर्गदत्त नसून गणवेशाप्रमाणे चढवता व उतरवता येणारे आहे, हे या प्रतिमा सूचित करतात. क्लाउस टेवेलाइट यांनी १९७७-७८ साली प्रकाशित केलेल्या दोन खंडांत, पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन निमलष्करी पथकांतील पुरुषांच्या लेखनाचे विश्लेषण करून, सैनिकी पौरुष हे विरघळून जाण्याच्या भीतीपोटी धारण केलेले चिलखत असते असे दाखवले. कीफर यांची छायाचित्रे या विश्लेषणाच्या आठ-नऊ वर्षे आधीची आहेत.

अकादमीतील बहुतेक प्राध्यापकांना हे काम अस्वीकारार्ह वाटले. त्याची बाजू घेतली ती रायनर क्यूशनमायस्टर यांनी. ते स्वतः नाझी छळछावणीतून वाचलेले होते. ज्याने ते सर्व भोगले होते त्याला या प्रतिमांतील धोक्यापेक्षा त्यांची गरज अधिक स्पष्ट दिसली, हा प्रसंग पुढील साऱ्या वादाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

माळ्यावरची तलवार

१९७१ पासून कीफर ओडेनवाल्ड प्रदेशातील होर्नबाख या खेड्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहू लागले. त्या इमारतीचा लाकडी माळा हीच त्यांची चित्रशाळा होती आणि १९७३ च्या चित्रमालिकेचा तोच रंगमंच झाला. 'नोटुंग' या चित्रात रिकाम्या माळ्याच्या फळ्यांमध्ये रक्ताने माखलेली एक तलवार रोवलेली आहे. नोटुंग ही वाग्नरच्या संगीतनाट्यातील तलवार. पित्याने पुत्रासाठी राखून ठेवलेली, तुटणारी आणि सीगफ्रीडच्या हातून पुन्हा घडवली जाणारी. चित्रात तलवार आहे, पण ती उचलणारा कोणी नाही. वारसा पोहोचला आहे. वारसदाराने मात्र तो स्वीकारलेला नाही, आणि टाकूनही दिलेला नाही.

त्याच वर्षीच्या 'पार्सिफाल' मालिकेतील पहिल्या चित्रात त्याच माळ्यावर लहान मुलाचा पाळणावजा पलंग दिसतो. मूळ कथेत पार्सिफालचा पिता युद्धात मारला गेल्यामुळे त्याची आई मुलाला शस्त्रांपासून आणि सरदारांच्या जगापासून दूर अरण्यात वाढवते. मुलगा तरीही त्याच वाटेने जातो. मालिकेतील तिसऱ्या चित्रावर कीफर यांनी पश्चिम जर्मनीतील बाडर-माइनहोफ या सशस्त्र गटातील व्यक्तींची नावे लिहिली आहेत. पित्यांच्या हिंसेचा निषेध करणाऱ्या पिढीतील काही जणांनी पुन्हा शस्त्रच उचलले होते. पवित्र ध्येयासाठी निघालेल्या वीराची कथा डाव्या क्रांतिकारकांच्या मनातही जिवंत होती, हे त्या नावांमुळे उघड होते. वीरकथेचा वारसा केवळ एका पक्षाकडे असतो, या सोयीच्या समजुतीला हे चित्र धक्का देते.

मालिकेतील सर्वांत भव्य चित्र म्हणजे 'जर्मनीचे आत्मिक वीर'. जवळजवळ ७ मीटर रुंदीच्या तागाच्या कापडावर माळ्याचे रूपांतर एका लांबलचक सभागृहात झाले आहे. दोन्ही बाजूंना मशाली जळत आहेत आणि फरशीलगत वाग्नर, दुसरा फ्रेडरिक, कास्पार डाव्हिड फ्रीडरिश, रोबर्ट मुझिल, योसेफ बॉइस आदींची नावे लिहिलेली आहेत. वीरांची स्मारकभवने संगमरवराची असतात; हे लाकडाचे आहे. लाकडाच्या भवनात उघड्या ज्योती तेवत असतील तर त्याचे पुढे काय होणार, हे सांगण्याची आवश्यकता नाही. येथे नावे आहेत, देह नाहीत. आणि त्या नावांमध्ये मेश्टहिल्ड फॉन माग्डेबुर्ग ही मध्ययुगीन साध्वी सोडली तर सारे पुरुष आहेत. राष्ट्राच्या 'आत्म्या'ची यादी करताना ती पुरुषांचीच यादी कशी होते, हे चित्र कोणत्याही टीकेशिवाय दाखवते.

हेरमानचे अरण्य

१९७६ साली कीफर यांनी 'व्हारुस' हे चित्र काढले. बर्फाच्छादित अरण्यातून एक वाट आत जाते. बर्फावर रक्ताचे डाग आहेत. सैन्य नाही, रणांगण नाही. समोर व्हारुस, हेरमान व थुस्नेल्डा ही नावे आणि झाडांच्या रांगांमध्ये क्लॉपस्टॉक, क्लाइस्ट, ग्राबे यांसारखी नावे लिहिलेली आहेत. चित्राला शीर्षक मिळाले आहे ते विजेत्याचे नव्हे, तर पराभूत रोमन सेनापतीचे. या चित्राची इतिहासदृष्टी येथे प्रकट होते. ट्यूटोबुर्गची लढाई कीफर यांनी चितारलेली नाही; त्या लढाईच्या सांगण्याचा इतिहास त्यांनी चितारला आहे. अरण्य दाट झाले आहे ते वृक्षांनी नव्हे, तर तिच्याविषयी लिहिणाऱ्यांनी.

हाच विचार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'जगज्ज्ञानाचे मार्ग : हेरमानची लढाई' या शीर्षकाच्या, लाकडी ठशांपासून केलेल्या मोठ्या चित्रांत विस्तारतो. मध्यभागी अरण्यात आग पेटलेली आहे आणि तिच्या भोवती कवी, तत्त्वज्ञ, सेनापती, उद्योगपती यांचे चेहरे मांडलेले आहेत. मुळ्यांसारख्या वा वृक्षवलयांसारख्या रेषांनी ते एकमेकांना जोडलेले आहेत. लाकडी ठशाचे माध्यम ड्यूररच्या काळापासून जर्मन परंपरेचे मानले गेले. म्हणजे माध्यमदेखील त्याच कथेचा भाग आहे. या सर्वांना सारखेच दोषी ठरवणे इतिहासदृष्ट्या अयोग्य होईल आणि चित्रही तसे करत नाही. कवीने रचलेला वीर सेनापतीच्या कामी येतो आणि सेनापतीचा विजय पुन्हा कवीला विषय पुरवतो, या देवाणघेवाणीचे ते चित्र आहे. एका टोळीप्रमुखाचा राष्ट्रपुरुष होण्यास जे लागले ते सारे येथे एका पटावर आले आहे.

जळलेले शेत आणि बडबडगीत

लोकपरंपरेचा सर्वांत हृदयस्पर्शी वापर १९७४ च्या 'माइकेफर फ्लीग' या चित्रात आढळतो. हे शीर्षक एका जुन्या जर्मन बडबडगीताचे आहे. मूल एका भुंग्याला उडून जायला सांगते. बाप लढाईवर गेला आहे, आई पोमेरानियात आहे आणि पोमेरानिया जळून गेला आहे, असा त्याचा आशय. प्रचलित समजुतीनुसार हे गीत तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८-१६४८) स्मृतीतून आले. कीफर यांनी ते नांगरलेल्या, काळ्याकुट्ट, धुमसणाऱ्या शेताच्या चित्रावर हाताने लिहिले. पोमेरानियाचा बहुतांश भाग १९४५ नंतर पोलंडकडे गेला आणि तेथील जर्मन रहिवाशांना बाहेर पडावे लागले. त्यामुळे तीन शतकांपूर्वीचे गीत १९४५ नंतर जन्मलेल्या मुलांच्या ओठी पुन्हा शब्दशः खरे ठरले होते.

वाग्नरची तलवार आणि हे गीत या दोन्ही 'जर्मन' परंपराच. परंतु एकीत पिता पुत्राला शस्त्र देतो, तर दुसरीत युद्धावर गेलेल्या पित्याची जागा रिकामी आहे. राष्ट्रवादाने लोकपरंपरेतून वीर उचलला आणि हे मूल तेथेच राहू दिले. लोकपरंपरा एकजिनसी नसते, तिच्यात विजेत्यांची गाथा आणि पोळलेल्यांचे रडणे शेजारी शेजारी नांदते, ही गोष्ट कीफर यांच्या या चित्राने नेमकेपणाने पकडली आहे.

याच सुमारास त्यांनी युद्धाला खेळण्याच्या आकारात आणले. १९४० साली इंग्लंडवर आक्रमण करण्याची हिटलरची योजना 'सागरसिंह' या नावाने आखली गेली होती व ती कधीच प्रत्यक्षात आली नाही. कीफर यांनी १९७५ साली या योजनेवरील कामात जस्ताच्या न्हाणीच्या टबात लहानलहान युद्धनौका सोडल्या. महायुद्धाचे सेनापती येथे आंघोळीच्या पाण्यात होड्या सोडणारी मुले होतात. हा विनोद आहे. पण ज्या खेळात कोट्यवधी माणसे मेली त्यावरचा हा विनोद हसू फुलू देत नाही.

आक्षेप

१९७५ साली 'बेझेत्सुंगेन'मधील छायाचित्रे कोलोन येथील 'इंटरफुंक्त्सिओनेन' या कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रतिक्रिया तीव्र होती आणि तो त्या नियतकालिकाचा अखेरचा अंक ठरला. १९८० साली व्हेनिस बिएनालेमध्ये कीफर आणि गेओर्ग बाझेलिट्स यांनी पश्चिम जर्मनीचे प्रतिनिधित्व केले, तेव्हा जर्मन समीक्षकांपैकी अनेकांनी कीफर यांच्यावर जर्मनत्वाचे जुने भूत पुन्हा उठवल्याचा आरोप केला.

हा आक्षेप उथळ म्हणून बाजूला सारता येत नाही. सॉल फ्रीडलँडर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले होते की, नाझीवादाविषयीच्या नव्या चित्रपट-कादंबऱ्यांत निषेधाच्या आवरणाखाली त्याच जुन्या सौंदर्याचे आकर्षण पुन्हा शिरत होते. कीफर यांची चित्रे भव्य आहेत, ज्वालांनी उजळलेली आहेत आणि प्रेक्षकाला आत ओढून घेणारी आहेत. भव्यतेवरची टीका भव्यतेनेच करता येते का? अँड्रियास हायसेन यांनी १९८९ साली या चित्रांचा विचार करताना, प्रेक्षकाला प्रथम मोह पडणे आणि मग त्या मोहाची लाज वाटणे, या दुहेरी अनुभवावर भर दिला आहे. हे मत ग्राह्य मानले तरी एक अडचण उरते : ज्याला लाज वाटणार नाही त्याच्यासाठी चित्रात कोणती सोय आहे? १९७३ च्या सभागृहासमोर उभा असलेला प्रेक्षक ते निव्वळ वीरांचे मंदिर म्हणूनही पाहू शकतो. ही संदिग्धता म्हणजे कीफर यांचे अपयश नव्हे. पण तिची किंमत नाकारणेही योग्य ठरणार नाही.

वीरांच्या सभागृहात 'शुलामिथ'

१९८० च्या दशकाच्या आरंभी कीफर कवी पाउल सेलान यांच्या १९४८ साली जर्मनमध्ये प्रकाशित झालेल्या, मृत्युछावणीविषयीच्या कवितेकडे वळले. सेलान हे ज्यू. त्यांचे आईवडील नाझी छळात मरण पावले. त्या कवितेत सोनेरी केसांची मार्गारेटे आणि राखेच्या रंगाच्या केसांची शुलामिथ समोरासमोर येतात : एक जर्मन साहित्याची नायिका, दुसरी बायबलमधील 'गीतरत्ना'तील नायिका. १९८१ च्या 'मार्गारेथे' या चित्रात कीफर यांनी केसांच्या जागी खऱ्या गवताच्या काड्या चिकटवल्या. शेत, सुगी, माती हे राष्ट्रवादाचे आवडते शब्द. पण काडी जळते आणि तिची राख होते. म्हणजे मार्गारेटेच्या सोनेरी केसांतच शुलामिथ दडलेली आहे.

१९८३ चे 'शुलामिथ' हे चित्र या संपूर्ण वाटचालीचे उत्तर मानता येईल. चित्रातील विटांचे, बुटक्या कमानींचे अंधारे दालन वास्तुशिल्पी विल्हेल्म क्राइस यांनी बर्लिनमध्ये जर्मन वीर सैनिकांसाठी योजलेल्या स्मृतिदालनाच्या आराखड्यावर आधारलेले आहे. कीफर यांनी त्याच्या भिंती काजळीने माखल्यासारख्या केल्या, त्यामुळे ते एखाद्या प्रचंड भट्टीसारखे दिसते. टोकाला सात लहान ज्योती आहेत. ज्यू धर्मातील सात शाखांच्या दीपाचे त्या स्मरण देतात. वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत एकच नाव आहे : शुलामिथ.

येथे १९७३ च्या सभागृहाशी तुलना अपरिहार्य होते. तेथे अनेक पुरुषांची नावे होती. येथे एका स्त्रीचे आहे. तेथील मशाली वीरांच्या गौरवासाठी होत्या. येथील ज्योती मृतांच्या स्मरणासाठी आहेत. मारेकऱ्यांच्या शौर्यासाठी कल्पिलेली वास्तू बळींच्या नावे करण्यात आली आहे. यात संदिग्धता उरत नाही. वीरांचे मंदिर म्हणून हे चित्र पाहणे कोणालाही शक्य नाही. मिचरलिश दांपत्याने ज्या शोकाच्या अभावाचे निदान केले होते तो शोक येथे अवतरतो, आणि तो वीरांच्या सभागृहाबाहेर नव्हे तर त्याच्या आतच अवतरतो.

मर्यादा

तथापि या कलेची एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. कीफर यांच्या या काळातील चित्रांत पौरुषाची झाडाझडती होते ती पिता आणि पुत्र यांच्यामध्ये. स्त्रिया येतात त्या नाव म्हणून, केस म्हणून, निद्रिस्त ब्रुनहिल्डे म्हणून. १९७५ च्या 'सीगफ्रीड ब्रुनहिल्डेला विसरतो' या चित्रात बर्फाने झाकलेल्या शेतातील नांगराचे तास दूर क्षितिजाकडे निघून जातात. विस्मरणाची ही प्रतिमा प्रभावी आहे, परंतु विसरणारा कर्ता आणि विसरली गेलेली ती, हा व्याकरणाचा क्रम बदलत नाही. ज्यू स्त्रीलाही अखेर जर्मन पुरुषाच्या पश्चात्तापातच जागा मिळते, असा आक्षेप घेता येतो. क्रांतीतील स्त्रिया व प्राचीन काळातील स्त्रिया यांच्यावरील मालिका कीफर यांनी पुढे केल्या. त्यांतही पलंग आणि शिरोहीन झगे आहेत, चेहरे नाहीत. वीराचे चिलखत उतरवणे आणि चिलखताबाहेरच्या माणसांना बोलू देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. कीफर यांनी पहिले केले.

निष्कर्ष

कीफर १९९२ साली फ्रान्समध्ये स्थायिक झाले. २००८ साली जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान प्रथमच एका चित्रकाराला मिळत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे जीवन लिहून ठेवणारे फ्रेंच लेखक मोरिस झनव्हा यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यात आले, त्या प्रसंगी तेथील स्थायी कलाकृतीचे काम फ्रेंच शासनाने कीफर यांच्याकडे सोपवले. १९६९ साली वडिलांच्या गणवेशात फ्रान्सवर एकट्याने 'ताबा' मिळवणारा तरुण अर्धशतकानंतर फ्रान्सच्या राष्ट्रीय स्मारकभवनात दोन्ही बाजूंच्या पित्यांनी लढलेल्या युद्धाचे स्मारक उभारतो, ही घटना दोन राष्ट्रांच्या इतिहासातील अंतर मोजण्यास पुरेशी आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, राष्ट्राची वीरकथा बंदीने वा मौनाने नाहीशी होत नाही. ती माळ्यावर पडून राहते आणि पुढच्या पिढीला सापडते. दोन, लोकपरंपरा ही राष्ट्रवादाची मालमत्ता नव्हे. तिच्यात तलवारीच्या शेजारी जळलेल्या शेतावर गाणारे मूलही असते आणि त्यांपैकी कोणाला उचलायचे ही निवड प्रत्येक काळाने केलेली असते. तीन, या निवडींचा इतिहास लिहिणे हे इतिहासकाराचे काम आहे. डेटमोल्डच्या टेकडीवरील पुतळा इ. स. ९ विषयी फारसे काही सांगत नाही. १८७५ विषयी मात्र पुष्कळ सांगतो. प्रत्येक पुतळ्याकडे, प्रत्येक वीरगाथेकडे या दृष्टीने पाहणे हे वीराचा अवमान करणे नव्हे. तलवार कोणी दिली, कोणी उचलली आणि ती चालली तेव्हा कोण मारले गेले, एवढे विचारण्याचा अधिकार मुलांना असला पाहिजे, इतकेच ही चित्रे सांगतात.